एकाच वेतातील लहानमोठी पिल्ले

बाळाचे वजन कमी भरले की पहिला प्रश्न आईच्या आहाराचा निघतो, आणि तो बहुधा सासूबाईंच्या तोंडून निघतो. या प्रश्नापुरते पशुवैद्यकातील डुकरिणीचे उदाहरण मला फार बोलके वाटते.

डुकरिणीचा गर्भकाळ सुमारे 114 दिवसांचा. एका वेतात दहा-बारा पिल्ले. आई एक, खाद्य एक. तरीही एक पिल्लू दीड किलोचे, तर त्याच्या पाठोपाठ आलेले जेमतेम 800 ग्रॅमचे असते. गर्भाशयात दाटी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला येणारी वार आणि तिच्यातून वाहणारे रक्त सारखे राहत नाही. आईच्या पोटात गेलेले अन्न आणि गर्भापर्यंत पोचलेले अन्न या भिन्न गोष्टी होत. अशा खुरट्या पिल्लात स्नायुतंतूंची संख्याही बहुधा कमी असते, आणि ही संख्या जन्मापूर्वीच ठरून गेलेली असते.

आईची दीर्घ उपासमार किंवा प्रथिनांची तीव्र कमतरता पिल्लांना भोवते, यात शंका नाही. परंतु पोटभर खाणाऱ्या डुकरिणीला शेवटच्या महिन्यात अधिक चारले, तर पिल्लांचे वजन थोडेसेच वाढते. बाकीची चरबी तिच्याच अंगावर चढते.

लोहाची कथा तर याहून नवलाची. पिल्लू जन्मतः सुमारे 50 मिलिग्रॅम लोह घेऊन येते. रोजची गरज सुमारे 7 मिलिग्रॅम, दुधातून मिळते जेमतेम 1. गाभण डुकरिणीला कितीही लोह चारले तरी हा साठा फारसा वाढत नाही. माती उकरणाऱ्या पिल्लाची उणीव माती भरून काढते; सिमेंटच्या फरशीवरील पिल्लाला मात्र पहिल्या काही दिवसांतच इंजेक्शन द्यावे लागते.

मानवी वार निराळी आहे. ती प्रतिपिंडे पोचवते. डुकरिणीची पोचवत नाही, म्हणून तेथे चिकावाचून पिल्लू जगणे कठीण. तेव्हा तुलना जपूनच करावी. तथापि पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींच्या अभ्यासातही (निष्कर्ष 2001) एकूण उष्मांक वा प्रथिने यांचा बाळाच्या आकारमानाशी ठळक संबंध दिसला नाही. दिसला तो पालेभाज्या, फळे व दूध यांच्याशी.

म्हणून कमी वजनाच्या बाळाच्या केसपेपरवर आईच्या आहाराबरोबरच तिचा रक्तदाब, हिमोग्लोबिन, मिश्रीची सवय आणि वारेचे वजन यांचीही नोंद असावी. पैकी शेवटची नोंद आपल्या प्रसूतिगृहांत क्वचितच आढळते; वार पुरी पडली एवढे पाहून ती बादलीत जाते.