कौल मागणाऱ्याचे नाव आधी विचारा



बेणे कोणत्या प्लॉटचे, किती महिन्यांचे, हे विचारल्याशिवाय आपण लावण करीत नाही. पण गावात एखाद्या प्रश्नावर कौल घ्यायची वेळ आली, की भिंतीवरचा कागद कुणी लावला हे मात्र कुणी विचारत नाही.

दारूदुकानाचा कौल घ्या. सन २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावातील किमान २५ टक्के महिला मतदारांनी, अथवा एकूण मतदारांपैकी तितक्यांनी, सह्यांचा अर्ज द्यायचा. सह्या पडताळल्या जातात, मग गुप्त मतदान. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू. तेव्हा मागणाऱ्याची पात्रता अशी : तो गावचा मतदार हवा आणि सहीनिशी हवा. यादीतील निम्म्याहून जास्त मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे घरी बसलेले मत उभ्या बाटलीच्या खात्यात जमा! "मतदान पुढे गेले" असा एक निनावी कागदही महिलांची सारी मेहनत वाया घालवू शकतो.

दुसरी गोष्ट खुर्चीची. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की केंद्रशासित ठेवावा, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर विलीनीकरणाचे पुरस्कर्ते. सत्तेवर राहून प्रचार नको, म्हणून डिसेंबर १९६६ मध्ये त्यांच्या सरकारने राजीनामा दिला. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरले, पण खुर्चीच्या जोराचा प्रश्न आधीच मिटला होता. आमच्याकडे तर तोडीचा प्रोग्राम असतो. म्हणून शेतकी खात्याच्या माणसाने, अगदी चिटबॉयनेही, शिवारात फिरताना कुठल्याही बाजूचा प्रचार करू नये असे मला वाटते.

तिसरी गोष्ट छपाईची. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२७-अ प्रमाणे निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांचे नाव-पत्ता लागतो. प्रकाशकाला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्यांनिशी प्रतिज्ञापत्र घेतल्याशिवाय छापखान्याने छापायचे नाही. मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा नियम लोकसभा-विधानसभेचा असला, तरी गावच्या कौलालाही ही रीत लावायला हरकत काय?

आपल्या नाशिक रोडच्या प्रेसमध्ये छापलेल्या नोटेवरसुद्धा जबाबदार माणसाची सही असते. मग गावाचे भले सांगणाऱ्या कागदावर का नसावी? बिननावाचा कागद दिसला, तर त्यावर विश्वास न ठेवता तो ग्रामसेवकास दाखवावा आणि मतदानाची तारीख तहसील कचेरीत स्वतः विचारून घ्यावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी