मोठं दुकान येण्याआधी रस्ता मोजा

कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटला पत्रे लागले आणि तिथे तीन-चार मजली सुपरमार्केट येणार असं कळलं, की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संतापाचा पूर येतो. संताप खरा असतो. शाळेची बस, आजोबांची संध्याकाळची फेरी, रुग्णवाहिका, सगळं त्याच रस्त्यावरून जातं. पण हा संताप पाया खोदला जाण्याआधी अर्जात उतरला, तरच त्याचा उपयोग होतो.

साहित्य फार लागत नाही: पाच-सहा माणसं, एक वही, मोजपट्टी, मोबाइलचा कॅमेरा आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प.

स्टॅम्प माहिती अधिकाराच्या अर्जासाठी. महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे मंजूर नकाशा, पार्किंगचा तक्ता आणि वाहतूक पोलिसांचा अभिप्राय मागा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत हवा, म्हणून त्यात गाऱ्हाणं लिहू नका, कागदांची नावं लिहा. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. जमलं तर फाइल प्रत्यक्ष पाहण्याची परवानगीही मागा. पहिल्या तासाला पैसे पडत नाहीत. बांधकाम 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठं असेल, तर 2006च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते, आणि त्या अर्जाचे कागद परिवेश या सरकारी संकेतस्थळावर शोधता येतात. अशा इमारतींसाठी जनसुनावणी होत नाही. तुमचं म्हणणं विचारायला कुणी दारात येणार नाही, ते तुम्हीच लेखी पोचवायचं आहे.

उत्तर येईपर्यंत हात बांधून बसू नका. रस्ता मोजायला घ्या. सगळ्यात मोलाचं काम हेच, आणि नेमकं हेच बहुतेक ठिकाणी राहून जातं.

आधी रुंदी. फलकावर किंवा नकाशात लिहिलेली नको. दोन्ही कडांना गाड्या लागल्यावर मध्ये उरते ती. पट्टी धरलेला फोटो काढा.

मग वाहनं. रस्त्याची गर्दी म्हटलं की सगळ्यांना सकाळची ऑफिसची वेळ आठवते. ती मोजाच, पण किराणा दुकानाची गर्दी वेगळ्या वेळी असते. पगार झाल्यावर महिन्याचं सामान भरायला माणसं सहकुटुंब निघतात, ती शनिवार-रविवारी संध्याकाळी. तेव्हा एक कामाचा दिवस सकाळी 9 ते 11, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यातला रविवार संध्याकाळी 6 ते 9, एवढं तरी मोजा. शाळेच्या सुट्टीतले आकडे घेऊ नका, ते कमी भरतात. दुचाकी, मोटार, रिक्षा, टेम्पो, बस-ट्रक असे पाच रकाने पाडा. दर पंधरा मिनिटांनी ओळ बदला. एका दिशेला एक माणूस, आणि दर तासाला माणूस बदला. थकलेली नजर दुचाकी सोडते.

आता बेरीज. इंडियन रोड्स काँग्रेसने शहरी रस्त्यांसाठी 1990 साली दिलेल्या पद्धतीत प्रत्येक वाहन मोटारीच्या पटीत धरतात. समजा, तासाला 600 दुचाकी, 250 मोटारी, 120 रिक्षा, 40 टेम्पो आणि 10 बस गेल्या. एकूण गर्दीतला वाटा 10 टक्के किंवा जास्त असल्याने दुचाकी 0.75 आणि रिक्षा 2 धरायची, टेम्पो 1.4, बस 2.2. म्हणजे 450 + 250 + 240 + 56 + 22 = 1018. दोन पदरी, दुहेरी वाहतुकीच्या वस्तीतल्या जोडरस्त्यासाठी त्याच पद्धतीत तासाला 900चा आकडा सुचवलेला आहे. दुकानाचं एकही गिऱ्हाईक यायच्या आधीच हा रस्ता भरलेला निघाला. हे वाक्य, गणितासकट, तुमच्या निवेदनाचं पहिलं वाक्य असू द्या.

नकाशा हाती आला की आधी फाटक शोधा. मोटारींचं प्रवेशद्वार मोठ्या रस्त्यावर आहे की तुमच्या गल्लीत? फाटकापासून तळघराच्या उतारापर्यंत किती गाड्या आत थांबू शकतील? दोनच मावत असतील, तर तिसरी रस्त्यावर उभी राहणार. मालाचे टेम्पो कुठे वळणार, कुठे उतरवणार, तेही बघा.

‘दुकान नको’ एवढंच लिहिलेलं निवेदन टिकत नाही. त्या जमिनीवर व्यापारी वापर चालत असेल, तर परवानगी अडवणं अवघड असतं. शिवाय तुमच्याच इमारतीतल्या काहींना दुकान हवं असतं, त्यांचंही खोटं नाही. मागण्या नेमक्या करा: फाटक मोठ्या रस्त्याकडे, गाड्यांची रांग आवारात, माल रात्री ठरावीक वेळेतच उतरवायचा, रिक्षांना वेगळी जागा, पदपथ मोकळा. सोसायटीच्या सभेत ठराव करा, शेजारच्या सोसायट्यांचे ठराव जोडा. निवेदन आयुक्त, शहर अभियंता आणि वाहतूक शाखा, तिघांना द्या. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. महिनाभर उत्तर नाही आलं, तर त्याच आवक क्रमांकावर काय कार्यवाही झाली, हे माहिती अधिकारात विचारा.

भोगवटा प्रमाणपत्र मिळण्याआधी जागेवर जाऊन मान्य झालेल्या गोष्टी पडताळा. फरक दिसला तर फोटोसह लगेच कळवा. आणि ती वही जपून ठेवा. दुकान उघडल्यावर पगारानंतरच्या पहिल्या रविवारी, त्याच कोपऱ्यावर, संध्याकाळी 6 वाजता पुन्हा मोजायला उभं राहायचं आहे.