तेच ते तुणतुणं?

प्रश्न : मुलगा पुण्याला शिकतो. सुट्टीत घरी आला की मोबाइलवर एकच गाणं लावतो. सहा-सात मिनिटं तोच ठेका, तोच सूर, मधूनच एक माणूस ओरडतो. मी म्हटलं, "काहून बे, टेप अडकली का?" तर म्हणतो, "बाबा, याला फंक म्हणतात. जेम्स ब्राउन आहे तो." मी तीस वर्षं भजनी मंडळात खंजिरी वाजवतो, धापेवाड्याच्या यात्रेत रात्र रात्र बसलो आहे. तेव्हा ताल कळत नाही असं नाही. पण या तुणतुण्यात संगीत कुठं आहे? आणि आपल्याकडं हे कधी आलं होतं का?
— एक वाचक, कळमेश्वर

उत्तर : तुम्ही वैतागून 'तुणतुणं' म्हणालात, पण शब्द नेमका लागला आहे. गोंधळात किंवा तमाशात तुणतुणेवाला मागं उभा असतो. एक तार, एक सूर. तो चाल वाजवत नाही, हरकती घेत नाही, त्याच्यावर कुणी दौलतजादा करत नाही. पण तो थांबला तर पुढं गाणाऱ्याचा पाय डगमगतो. आता समजा, एखाद्यानं अख्खा ताफाच तुणतुण्यांचा उभा केला. गिटार हे तुणतुणं, सॅक्सोफोन आणि ट्रंपेट ही तुणतुणी, गाणाऱ्याचा गळाही तुणतुणंच. फंक म्हणजे हेच. पोराची टेप अडकलेली नाही, ती मुद्दाम तिथंच थांबवलेली आहे.

हा उद्योग जेम्स ब्राउनचा. जन्म १९३३, दक्षिण कॅरोलायना. (आशा भोसले त्याच वर्षीच्या. नाव लक्षात ठेवा, त्या पुढं येणार आहेत.) गरिबीत वाढलेला, कोवळ्या वयात तुरुंग पाहिलेला हा माणूस. १९६५ च्या 'पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग'मध्ये त्याला वाट सापडली आणि १९६७ च्या 'कोल्ड स्वेट'मध्ये ती पक्की झाली. त्याचा गिटारवाला जिमी नोलन तारा पुऱ्या दाबायचाच नाही, त्यामुळे सूर फुलायच्या आत मरायचा आणि उरायची नुसती खरखर. तिकडं त्या वाजवण्याला उकिरडा उकरणाऱ्या कोंबडीचं नाव पडलं आहे.

खरी गोम मात्र मात्रांमध्ये आहे. चार मात्रांचं आवर्तन धरा. काळ्या लोकांच्या चर्चमध्ये टाळी पडते ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, आणि पुढं रॉक अँड रोलनंही तीच सवय उचलली. ब्राउननं ते वजन उचलून पहिल्या मात्रेवर आणून ठेवलं. तो तिला 'द वन' म्हणायचा, म्हणजे आपण जिला सम म्हणतो ती. पण आपली सम आणि त्याची सम यांत फरक आहे. तीनतालात गवई सोळा मात्रा हिंडतो, वाट चुकल्यासारखं करतो आणि समेवर येऊन भेटतो, तेव्हा आपण 'क्या बात है' म्हणतो. ब्राउनकडं सम दर चौथ्या मात्रेनंतर दारात हजर असते. भेटीची हुरहूर नाहीच. मग मजा कुठं? दोन समांच्या मधल्या जागेत. 'एक'वर सगळे मिळून कोसळतात आणि नंतर जो तो आपापली फट शोधतो. बास गिटार एका फटीत, सॅक्सोफोन दुसऱ्या, ड्रम तिसऱ्या. कुणी कुणाच्या पायावर पाय द्यायचा नाही. मला वाटतं, ख्याल ऐकणाऱ्यापेक्षा हे खंजिरीवाल्याला लवकर उमगेल. थाप पडून जाते, पण दोन थापांच्या मध्ये झांजा काय बोलतात त्यावर भजन चढतं की पडतं, हे तुम्ही तीस वर्षं पाहत आला आहात.

या फटी सांभाळायला शिस्त लागते. ब्राउनकडं ती दंडाची होती. भर कार्यक्रमात नाचता नाचता तो चुकणाऱ्या वादकाला बोटं दाखवी, तेवढा दंड पगारातून जाई. बुटांना पॉलिश नसलं तरीही. १९७० च्या मार्चमध्ये जवळजवळ अख्खा ताफा वैतागून निघून गेला, तेव्हा त्यानं सिनसिनाटीहून तातडीनं काही पोरं आणवली. त्यांत बूट्सी कॉलिन्स हा अठरा वर्षांचा बास वाजवणारा होता. 'एक' कुठं आहे हे ब्राउननं त्याला शिकवलं, आणि बूट्सीनं पुढची पन्नास वर्षं तेच जगाला शिकवलं.

फंकचं माहेर सोल नावाचं गाणं आणि सोलचं माहेर चर्च. धर्मोपदेशक एक ओळ टाकतो, समोरचे लोक ती उचलतात. आपल्या झीलकऱ्यांनी हे वेगळं काय केलं? तिथंही हातात चौकट आणि तिला झांजा, म्हणजे तुमच्या खंजिरीची सख्खी बहीण. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवर अख्खं गाव कसं डोलायचं, ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सोल वेगळं समजावून सांगावं लागत नाही. १९५४ साली रे चार्ल्स या आंधळ्या गायकानं रेडिओवर ऐकलेल्या अशाच एका भजनाची चाल उचलली आणि देवाच्या जागी बाई आणली. धार्मिक मंडळी खवळली, पण गाणं तुफान चाललं. आपल्याकडं सिनेमाच्या चालीवर भजनं बसवतात, तिकडं उलटी गंगा वाहिली. अरेथा फ्रँकलिन ही तर डेट्रॉइटमधल्या एका नामांकित धर्मोपदेशकाची मुलगी. सहा-सात वर्षं एका मोठ्या कंपनीनं तिला गोड गोड गाणी गायला लावली. १९६७ मध्ये कंपनी बदलली, तिला पियानोवर बसवलं, चर्चमध्ये गायची तसं गाऊ दिलं, आणि त्याच वर्षी अमेरिकेभर तिचं नाव झालं.

आता तुमच्या गावाशी जुळणारी गोष्ट. ब्राउनच्या ताफ्यातला क्लाइड स्टबलफील्ड हा चॅटनूगा या कारखान्यांच्या गावात वाढला. तो कुठल्या गुरूकडं शिकला नाही. यंत्रांचे ठोके आणि आगगाडीची धडधड ऐकत त्याचा हात तयार झाला. ज्याच्या घरी नागपूर-इटारसी मार्गावरच्या मालगाड्या झोपेतही ऐकू येतात, आणि पाळी बदलताना एमआयडीसी ज्यानं ऐकली आहे, त्याला यात नवल वाटायचं कारण नाही. १९६९ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या 'फंकी ड्रमर'मध्ये बाकी सगळे थांबतात आणि हा एकटा काही क्षण वाजवतो. तेवढा तुकडा पुढं हिप-हॉपवाल्यांनी कापून शेकडो गाण्यांत जोडला. गाण्यावर गीतकार-संगीतकार म्हणून नाव ब्राउनचं, त्यामुळे स्टबलफील्डला त्यातून मानधन असं मिळालंच नाही. पुढं त्याला कर्करोग झाला तेव्हा उपचारांचं मोठं बिल प्रिन्स या गायकानं गुपचूप भरलं. प्रिन्स गेल्यावर, २०१६ मध्ये, स्टबलफील्डनंच ते सांगितलं. पुढच्या वर्षी तोही गेला.

अडचणीतून हात तयार झाल्याचा आणखी एक किस्सा. लॅरी ग्रॅहम आईबरोबर क्लबात वाजवायचा. ड्रमवाला निघून गेला. मग हा बास गिटारच्या तारा अंगठ्यानं ठोकायला आणि बोटानं ओढून सोडायला लागला, म्हणजे ड्रमची उणीव भासू नये. ढोलकीवाला ऐन वेळी आला नाही की पेटीवाला पेटीच्या लाकडावर ठेका धरतो, तसंच. पुढं स्लाय अँड द फॅमिली स्टोन या ताफ्यात त्यानं तीच युक्ती नेली. आज जगभरचे बासवाले ती शिकवणीला जाऊन शिकतात.

या सुरात राजकारणही होतं. १९६८ मध्ये ब्राउननं काळेपणाचा अभिमान मोठ्यानं सांगणारं गाणं काढलं. ब्लॅक पँथर पक्षानं तर १९७० मध्ये 'द लंपेन' नावाचा स्वतःचा फंक ताफाच बनवला. त्या पक्षाच्या नावावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, आणि फुल्यांनी १८७३ मध्येच 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली होती. नागपूरच्या आसपास भीमगीतांच्या कव्वाल्या ऐकत वाढलेल्याला हे नातं दूरचं वाटू नये.

आता, आपल्याकडं आलं का? आलं, पण मागच्या दारानं. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा काळ्या अमेरिकी वादकांचा ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्यांच्यामागून आणखी आले. त्यांचं ऐकून गोव्याचे ख्रिस्ती वादक जॅझ शिकले. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' नावानं ट्रंपेट वाजवू लागला, आणि १९५१ च्या 'अलबेला'त तो व त्याचा ताफा सी. रामचंद्रांच्या संगीतावर पडद्यावरसुद्धा दिसला. सी. रामचंद्र म्हणजे पुणतांब्याचे चितळकर. काही काळ नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडंही शिकलेले. एक कान रागदारीचा, दुसरा ताजमहाल हॉटेलाचा.

ही वाट पडली होती, म्हणूनच सत्तरच्या दशकात फंक आला तेव्हा मुंबईच्या स्टुडिओत तो वाजवायला माणसं तयार होती. राहुलदेव बर्मन यांच्या संगीताचे साहाय्यक तिघे होते : बासुदेव चक्रवर्ती, मनोहारी सिंग आणि आपले मारुतीराव कीर. तालवाद्यांचा कारभार मारुतीरावांकडं. पाश्चात्त्य ड्रम आणि तबला एका गाण्यात नांदवायचे, आणि फटी बुजू द्यायच्या नाहीत, हे त्यांचं काम. अमृतराव काटकर रेसो-रेसो हे वाद्य खरवडायचे. ती खरखर म्हणजे नोलनच्या गिटारीची चुलतबहीणच. ही नावं रेकॉर्डच्या वेष्टनावर शोधत बसलात तर डोळे दुखतील. श्रेय न मिळालेला स्टबलफील्ड काही एकटाच नव्हता.

कल्याणजी-आनंदजींनीही तोच बाज उचलला, 'अपराध' (१९७२) आणि 'डॉन' (१९७८) या चित्रपटांत, दोन्हीकडं आवाज आशाताईंचा. आणि गंमत पाहा. २००५ मध्ये ब्लॅक आइड पीज या अमेरिकी मंडळींनी याच दोन गाण्यांचे तुकडे घेऊन, नावात फंक घालून एक गाणं केलं. त्याला ग्रॅमी मिळालं. म्हणजे अमेरिकेतून निघालेली पालखी मुंबईत मुक्काम करून घरी परतली, आणि जाताना आशाताईंना घेऊन गेली.

मग फंक आपल्या वरातीत का वाजत नाही? कारण ती जागा डिस्कोनं बळकावली. डिस्कोनं चारही मात्रांवर सारखेच दणके दिले. त्यावर कुणालाही नाचता येतं, आजोबांनाही. फंकच्या फटी मात्र इस्त्री फिरवल्यासारख्या सपाट झाल्या. माझ्या मते तो तोट्याचा सौदा होता, पण वरातीत माझं कोण ऐकतं.

आता एक करून पाहा. पोराला 'कोल्ड स्वेट' लावायला सांगा आणि खंजिरी घेऊन बसा. पहिली दोन मिनिटं वाजवू नका, फक्त 'एक' मोजा. मग थाप 'एक'वरच द्या आणि पुढच्या तीन मात्रा हात आवरून धरा. हात शिवशिवेल, भजनाची सवय भरणा मागेल. तरी थांबा. मधल्या ड्रमच्या जागी मात्र झांजा हलवायला हरकत नाही. पोरगं मोबाइल खाली ठेवून तुमच्याकडं बघू लागलं की समजा जमलं.