नातेवाचक शब्द आणि इंग्रजी वाक्याची मूलभूत रचना

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• मराठी व इंग्रजी नातेवाचक शब्दांतील अर्थभेद सांगता येईल;
• कुटुंबाविषयी साधी व शुद्ध इंग्रजी वाक्ये रचता येतील;
• नाते नेमकेपणाने लिहिणे कोठे व का आवश्यक असते, हे स्पष्ट करता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, 'फादर', 'मदर', 'ब्रदर', 'सिस्टर' हे शब्द आपणांस नवे नाहीत. अडचण सुरू होते ती त्यांच्या पुढे. चुलता, मामा, आत्याचा नवरा आणि मावशीचा नवरा या चौघांसाठी इंग्रजीत 'अंकल' हा एकच शब्द आहे. जो भेद मराठीत शब्दच करतो, तो इंग्रजीत पुष्कळदा वाक्यरचनेवर सोपवलेला असतो. म्हणून या घटकात शब्द आणि व्याकरण यांचा विचार एकत्र करू.

दोन शब्दव्यवस्था

मराठी नातेवाचक शब्द नाते कोणाकडून आले, हे सहसा सांगून टाकतो. 'काकू', 'मामी', 'आत्या', 'मावशी' या चौघी इंग्रजीत 'आंट' होतात. 'नणंद', 'जाऊ', 'मेहुणी', 'भावजय' या सर्वांना 'सिस्टर-इन-लॉ' म्हणतात. 'कझिन' हा शब्द तर चुलत, आते, मामे, मावस हा भेद दाखवत नाहीच. शिवाय ती व्यक्ती भाऊ की बहीण, हेही सांगत नाही.

हा फरक समाजरचनेशी निगडित आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी भारतीय आप्तसंबंधांवरील आपल्या १९५३ च्या इंग्रजी ग्रंथात नातेवाचक शब्द आणि विवाहाच्या रूढी यांचा एकत्रित अभ्यास केला. मामाच्या मुलीशी विवाह जेथे संमत असतो, तेथे त्या मुलीची सासू ही तिची आत्याच असते. ग्रामीण महाराष्ट्रातील अनेक घरांत सून आजही सासूला 'आत्या' आणि सासऱ्यांना 'मामा' म्हणते, मग विवाह नात्यातला असो वा नसो.

यावरून संबोधन आणि नाते यांत फरक करावा लागतो. कुकडी नदीवरील धरणाकाठच्या येडगावातील एखादी सून 'मामा शेतावर गेले आहेत' असे सासऱ्यांविषयी म्हणाली, तर 'मामा'साठी इंग्रजीत 'माय अंकल' चालणार नाही. 'माय फादर-इन-लॉ' असेच लिहावे लागेल. भाषांतर करताना हाक कोणती मारतात हे न पाहता नाते कोणते आहे हे पाहावे.

वाक्यरचनेतील चार मुद्दे

१. पदक्रम : 'आत्याने आईला पाहिले' आणि 'आईला आत्याने पाहिले' या वाक्यांत कोणी कोणाला पाहिले, हे बदलत नाही, कारण '-ने' आणि '-ला' हे प्रत्यय कर्ता व कर्म दाखवतात. इंग्रजीत ते काम स्थान करते. 'माय आंट सॉ माय मदर' यातील शब्दांची अदलाबदल केली, तर पाहणारी व्यक्तीच बदलते. म्हणून कर्ता, क्रियापद, कर्म हा क्रम सांभाळावा.

२. 'असणे' : 'मला दोन भाऊ आहेत' यात 'मला' हा कर्ता नाही. इंग्रजीत मात्र 'आय' कर्त्याच्या जागी येतो : 'आय हॅव टू ब्रदर्स'.

३. आदरार्थी अनेकवचन : 'माझे वडील शेतकरी आहेत' यात 'आहेत' हे रूप आदरामुळे आले आहे. इंग्रजी क्रियापद व्यक्तींची संख्या पाहते, आदर पाहत नाही. म्हणून 'माय फादर इज अ फार्मर'. येथे 'आर' वापरू नये. 'इज' लिहिल्याने वडिलांचा अनादर होत नाही.

४. संबंध : 'माझा', 'माझी', 'माझे' या तिन्हींसाठी 'माय' हे एकच रूप आहे. 'त्याची बहीण' म्हणजे 'हिज सिस्टर'. येथे 'ची' पाहून 'हर' लिहू नये. 'माझ्या आईचा भाऊ' याचे मात्र शब्दक्रम न बदलता 'माय मदर्स ब्रदर' होते. 'अंकल' हा शब्द जे सांगत नाही, ते ही रचना सांगते.

नेमकेपणाचे महत्त्व

हा प्रश्न केवळ परीक्षेपुरता नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ याच्या अनुसूचीत वारसांची यादी आहे. मूळ इंग्रजी अनुसूचीत 'अंकल' किंवा 'आंट' हे शब्दच नाहीत. मृत्युपत्र न करता मृत झालेल्या पुरुषाच्या दुसऱ्या वर्गातील वारसांत 'फादर्स ब्रदर' आणि 'फादर्स सिस्टर' सातव्या क्रमांकावर, तर 'मदर्स ब्रदर' आणि 'मदर्स सिस्टर' नवव्या क्रमांकावर आहेत. आधीच्या क्रमांकाचा वारस हयात असेल, तर नंतरच्यास हक्क मिळत नाही. म्हणजे चुलता किंवा आत्या असताना मामाला वारसा नाही. इंग्रजी प्रतिज्ञापत्रात नुसते 'अंकल' लिहिले, तर जमिनीच्या वारशाचा हा निर्णायक भेदच पुसला जातो.

सारांश

इंग्रजीत नात्यासाठी स्वतंत्र शब्द नसला, तरी नाते सांगण्याचे साधन आहे, आणि ते म्हणजे वाक्यरचना. शब्द अपुरा वाटेल तेथे नात्याची साखळी लिहावी.

स्वाध्याय

१. इंग्रजीत भाषांतर करा : (अ) माझ्या आत्याला तीन मुलगे आहेत. (आ) तिचे सासरे येडगावला राहतात.
२. 'साडू', 'जाऊ' आणि 'मामेबहीण' ही नाती इंग्रजीत नेमकेपणाने कशी लिहाल?
३. आपल्या कुटुंबातील पाच व्यक्तींविषयी प्रत्येकी एक इंग्रजी वाक्य लिहा. त्यांपैकी किमान दोन वाक्यांत 'अंकल', 'आंट' व 'कझिन' हे शब्द टाळा.