शिपाई घरी येतो तेव्हा

वाचण्यापूर्वी: तुमच्या घरातलं कोणी खूप दिवस लांब राहून परत आलं आहे का? पहिल्या दिवशी घरात काय वेगळं वाटलं?

मस्कतला ईदच्या दिवसांत किंवा राष्ट्रीय दिनाला तुम्ही रझहा पाहिला असेल. ढोल वाजतात. पुरुष समोरासमोर ओळी करून उभे राहतात. एका ओळीने काव्य म्हटलं, की दुसरी ओळ उत्तर देते. कोणी तलवार हवेत उंच फेकतो आणि अलगद झेलतो. आज हा आनंदाचा कार्यक्रम आहे. पण पूर्वी लढाईसाठी माणसं गोळा करायला आणि विजयाची बातमी द्यायलाही रझहा होत असे.

मग सांगा, लढाईच्या दिवसांत माणसं गातात कोणासाठी? फक्त लढणाऱ्यासाठी? तसं नाही बरं का!

आधी महाराष्ट्रात जाऊ. पेशव्यांच्या काळी दसरा झाला की फौजा मोहिमेवर निघायच्या. शिपाई महिनोन्‌महिने घरापासून दूर असायचा. शाहीर पोवाड्यात त्याचा पराक्रम गायचे. लावणीत मात्र अनेकदा घरी राहिलेली बाई बोलते. तो कधी येणार, हाच तिचा प्रश्न. म्हणजे एक गाणं लढणाऱ्याचं, दुसरं वाट पाहणारीचं.

पुढे गाणं थेट जवानांकडे गेलं. १९६२ साली भारत-चीन युद्धाच्या वेळी विठाबाई नारायणगावकर तमाशा घेऊन सीमेवरच्या जवानांसमोर गेल्या. तमाशात गण, गवळण, बतावणी आणि वग असतो. थोडं गाणं, थोडी थट्टा आणि मग गोष्ट. घरापासून लांब असलेल्या माणसाला आणखी काय हवं असतं?

अमेरिकेत तर सैनिकच नट झाले. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, आयर्विंग बर्लिन या संगीतकाराने ‘धिस इज द आर्मी’ हा गाण्यांचा कार्यक्रम न्यूयॉर्कच्या रंगमंचावर आणला. त्यात सुमारे ३०० सैनिक होते. पहाटे झोपेतून उठवणाऱ्या बिगुलाचा रागसुद्धा त्यांनी गाऊन दाखवला! मिळालेला पैसा सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांच्या मदतीसाठी गेला.

युद्ध संपलं, आणि १९४६ साली तिथेच ‘कॉल मी मिस्टर’ हा कार्यक्रम आला. विषय होता घरी परतणारे सैनिक. काम करणाऱ्यांतही नुकतेच सैन्यातून सुटलेले अनेक जण होते. नावाचा अर्थ बघा: ‘मला मिस्टर म्हणा.’ सैन्यात माणसाला हुद्द्याने हाक मारतात. वर्दी उतरली की तो पुन्हा साधा माणूस होतो. हे ऐकायला सोपं वाटतं. पण आता कामधंदा शोधायचा असतो, आणि लांब राहिलेल्या बाबांना लहान मूल कधीकधी ओळखतही नाही.

आपल्याकडे थोडं उलटं आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या गावांत निवृत्त जवानाचा हुद्दा कोणताही असो, लोक त्याला ‘मेजर’ नाहीतर ‘फौजी’ म्हणतात. वर्दी गेली तरी हाक राहते. घरात मात्र तो कोणाचा बाबा असतो, कोणाचा दादा.

साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे. घरोघरची माणसं पिढ्यानपिढ्या सैन्यात गेली, म्हणून त्याला ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात या गावचे ४६ जण मारले गेले. परत आल्यावर त्यांना काय हाक मारायची, हा प्रश्न त्यांच्या घरी आलाच नाही.

म्हणून घरी येण्याचं गाणं विजयाच्या गाण्याइतकंच मोठं आहे. ‘रजा’ हा शब्द शिपायाच्या घरी जसा ऐकू येतो, तसाच ओमानमध्ये एकट्याने नोकरी करणाऱ्याच्या घरीही येतो. रजेवर येणाऱ्याला दारात कोणती हाक ऐकायला आवडेल, याचा विचार करा.

शब्दार्थ
मोहीम – लढाईसाठी केलेली स्वारी
बतावणी – तमाशातला विनोदी संवाद
वग – तमाशात शेवटी होणारं नाट्य
हुद्दा – नोकरीतलं पद

सांगा आणि लिहा
१. पोवाडा आणि लावणी यांत कोण बोलतं? फरक सांगा.
२. ‘मला मिस्टर म्हणा’ असं सैनिकाला का वाटलं असेल?
३. घरातल्या मोठ्यांना विचारा: लांबून परत आल्यावर त्यांना पहिली हाक कोणी मारली? पाच वाक्यं लिहा.