प्रमाणबद्ध प्रतिकृती

उद्दिष्टे
हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• खेळणे आणि प्रतिकृती यांतील फरक सांगू शकाल;
• ‘प्रमाण’ या शब्दाचे दोन अर्थ स्पष्ट करू शकाल.

मूलपाठ
एअर इंडियाचे पहिले बोइंग ७४७ विमान, ‘एम्परर अशोक’, १९७१ साली मुंबईत दाखल झाले. त्याच्या प्रत्येक खिडकीभोवती झरोक्याची तांबडी महिरप रंगवलेली होती. १ जानेवारी १९७८ च्या रात्री दुबईकडे निघालेले हे विमान उड्डाणानंतर थोड्याच वेळात वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. त्यातील सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. आज ते विमान पाहावयाचे, तर जुन्या छायाचित्रांत किंवा एखाद्या छांदिष्टाने घडवलेल्या प्रतिकृतीत.

खेळणे विमानासारखे दिसले की पुरते. प्रतिकृतीला मापाचे बंधन असते. १:१४४ या प्रमाणात मूळ विमानाच्या प्रत्येक मापाला १४४ ने भागावे लागते. सुमारे ७०.७ मीटर लांबीचे विमान मग ४९ सेंटिमीटरचे होते. परंतु केवळ लांबी जुळून भागत नाही. पत्र्यांच्या सांध्याची रेघ एक मिलिमीटर रुंद कोरली, तर खऱ्या विमानात ती १४ सेंटिमीटरांची भेग ठरेल!

म्हणून काम सावकाश चालते. प्लॅस्टिकचे दोन अर्धे भाग जोडण्यापूर्वी नाकात वजन दडवावे लागते. नाहीतर प्रतिकृती शेपटीवर बसते. सांध्यात लांबी भरून तो बारीक पॉलिश कागदाने पाण्यात घासतात. रंगाचे पातळ थर देतात. महिरपींची छापील पट्टी पाण्यात भिजवून अलगद जागेवर सरकवतात. ती किंचित कलली, तरी साऱ्या खिडक्यांची ओळ बिघडते.

खरी कसोटी छायाचित्राची. धावपट्टीजवळ उभ्या माणसाची दृष्टी जमिनीपासून सुमारे १.६ मीटर उंचीवर असते. या प्रमाणात ती जेमतेम १.१ सेंटिमीटर होते. म्हणून कॅमेऱ्याचे भिंग टेबलाच्या पृष्ठभागालगत आणावे लागते. वरून टिपलेले विमान लगेच खेळणे वाटते. सूर्य एकच असतो. तेव्हा प्रकाशही एकाच दिशेने यावा. जवळून टिपताना नाक स्पष्ट आणि शेपूट धूसर येते. ते टाळण्यासाठी भिंगाचे छिद्र लहान करतात, कॅमेरा तिपाईवर ठेवतात आणि प्रकाश अधिक काळ आत घेतात.

मराठीत ‘प्रमाण’ म्हणजे मापांचे परस्परांशी असलेले नाते. ‘प्रमाण’ म्हणजे पुरावाही. पहिले प्रमाण निष्ठेने पाळले, तरच प्रतिकृती नाहीशा झालेल्या वस्तूचे दुसरे प्रमाण ठरते.

पाठगत प्रश्न
१. प्रतिकृतीच्या नाकात वजन का ठेवतात?
२. दोन मीटर उंचीचे दार १:१४४ प्रमाणात किती उंच होईल?
३. तुमच्या परिसरातून नाहीशा झालेल्या एखाद्या वस्तूचे मापांसह वर्णन करा.