फिलिंग शेंगांनी नाही पडलं

दातातलं फिलिंग पडलं, की डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला: काय खाल्लं? जळगावात मी म्हणालो, भाकरी. त्यावर बाहेर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर मिळालं, "काका, दातानं शेंगा फोडायची सवय सोडा." मी शेंगा खातच नाही. तरी पुन्हा पैसे भरले, पुन्हा दात भरून घेतला. तेही फिलिंग पडलं.

शेवटी पारोळामार्गे धुळं गाठलं, साक्री रोडचं डेंटल कॉलेज. तिथल्या शिकाऊ डॉक्टर मुलीनं आधी तोंडावर रबराचा पडदा ताणला, तेवढा दात बाहेर ठेवला. दातावर आम्लाचं जेल लावलं, थोड्या वेळानं पाण्यानं धुतलं, पाणी नळीनंच ओढून घेतलं, हवा मारली आणि आरसा धरला. तेवढी जागा खडूसारखी पांढरी. म्हणाली, "आता इथे थुंकी लागली तर सगळं पहिल्यापासून करायचं."

माझं डोकंच तापलं. जळगावात नेमकं याच वेळी मला सांगितलं होतं, "चूळ भरा, थुंका." मी थुंकलो, दातावरून जीभ फिरली, आणि साहेबांनी खांद्यावर फोन दाबून धरत त्यावरच बाँड, म्हणजे फिलिंग चिकटवणारा द्रव, फासला. दोन्ही वेळा!

इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कवच, वजनानं ९६ टक्के खनिज. आम्लानं त्यात डोळ्यांना न दिसणारे खड्डे पडतात, पातळ बाँड त्यांत शिरतो आणि लाइट मारला की घट्ट होतो. सगळी पकड तिथेच. थुंकीचा थर बसला की बाँड आत जाणार कसा? अमेरिकेत बुओनोकोर यांनी आम्लाची ही युक्ती १९५५ मध्ये मांडली. त्यांनी ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल वापरलं होतं, आता साधारण ३७ टक्क्यांचं जेल असतं. इतकी जुनी गोष्ट साहेबांना कॉलेजात शिकवली नसेल?

तर मंडळी, खुर्चीत बसण्याआधी विचारा: रबर डॅम, म्हणजे तो रबराचा पडदा, लावता का? नसेल, तर कापूस बदलायला आणि नळी धरायला मदतनीस तरी हवा. जेल धुतल्यावर तोंड मिटू नका, कोणी सांगितलं तरी थुंकायला उठू नका.

आधी लवंगतेलाचं, म्हणजे युजेनॉलचं तात्पुरतं सिमेंट भरलं असेल तर सांगा. ते उरलं तर वरचं कंपोझिटचं फिलिंग नीट घट्ट होत नाही. दात पांढरे करून घेतले असतील तर दोन आठवडे थांबा. बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं दातांवर डाग असतील तर तेही बोला. अशा इनॅमलवर आम्ल लवकर चालत नाही. हिरडीलगत मुळावर इनॅमलच नसतं, तिथली पकड कच्चीच. तिथे 'जन्मभराची गॅरंटी' देणाऱ्यापासून लांब राहा.

बाँडच्या बाटलीवरही नजर ठेवा. त्यात अल्कोहोल किंवा ॲसिटोन असतं, झाकण उघडं राहिलं की उडून जातं. जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, आणि साहेबांची बाटली उन्हाच्या खिडकीत, बिनझाकणाची.

दोन वेळा ब्रश करा, हे काय सांगायचं! पण बिल मात्र पक्कं मागून घ्या. मला दोन्ही वेळा नुसतं चिटोरं मिळालं. आता भांडायला जाऊ तर हातात कागद नाही.